एका पायाचा स्टँड

"काका, एक गोष्ट लक्षात ठेवा. हा एकटा उभा राहत नाही. धरूनच बसावं लागतं," रियाज परकार म्हणाला.

"एकच पाय आहे म्हटल्यावर एकटा कसा उभा राहील? तेवढं कळतं मला," मी म्हणालो.

चिपळूणच्या बाजारपेठेतल्या त्याच्या फोटो स्टुडिओत मी त्या आठवड्यात चौथ्यांदा उभा होतो. काउंटरवर कॅमेऱ्याचे तीन एका पायाचे स्टँड आडवे पडले होते. रियाज त्यांना मोनोपॉड म्हणे. शेजारी माझी कापडी पिशवी, आणि तिच्यात मोजून एक किलो तांदूळ. मुलाने बंगळुरूला जाताना घरी ठेवलेला कॅमेरा लेन्ससकट तेवढाच भरत होता. तो दुकानात आणून आपटून घ्यायची माझी तयारी नव्हती, म्हणून तांदूळ.

पहिल्या स्टँडच्या नळ्या पिळून घट्ट करायच्या होत्या. पिशवी टांगल्यावर दोन मिनिटांत तो म्हातारा माणूस पाटावर बसावा तसा हळूहळू खाली बसला. दुसरा कार्बन फायबरचा. उचलला की नाही हेही कळू नये इतका हलका, पण किंमत ऐकून मी तो काचेचा असल्यासारखा परत ठेवला. तिसरा साध्या ॲल्युमिनियमचा, चार नळ्यांचा, खटक्याने उघडणारा. पाचशे ग्रॅमच्या आतला. खाली रबरी बूट आणि मनगटात अडकवायला पट्टा.

"पक्षी काढायचेत का क्रिकेट?" रियाजने चौथ्या खेपेला विचारलं.

"कीर्तन."

"म्हणजे बसून?"

"बसून. आणि त्याआधी साडेपाचशे पायऱ्या चढून."

"मग तीन पायांचा घ्या ना सरळ. लावा आणि निवांत ऐका."

"तीन पायांना बंदी आहे."

ही बंदी घुमटेश्वर देवस्थानच्या कारभाऱ्यांची, बाळकृष्ण शेट्यांची. डोंगरावरचा सभामंडप म्हणजे चार कोपऱ्यांना चार खांब आणि वर पत्रा. मार्गशीर्षातल्या उत्सवात माणसं मांडीला मांडी लावून बसतात. आदल्या वर्षी पुण्याच्या कुणा पाहुण्याचा तीन पायांचा स्टँड एका आजीबाईंच्या पायात आला आणि त्या समईवर जाता जाता वाचल्या. तेव्हापासून शेट्ये म्हणत, "तीन पायांचं मंडपात काही चालायचं नाही. दोन पायांचे आवरत नाहीत मला."

मग मी एका पायावर आलो. रियाजला तांदूळ दाखवून, लॉक पन्नास वेळा उघडझाप करून, दुकानातच फरशीवर मांडी घालून बसून उंची बघून तिसरा स्टँड घेतला. बसलेल्या माणसाला एकच नळी उघडावी लागते, चढताना दोन उघडल्या की काठी होते, मिटला तर पिशवीत जातो. विचार करायचं काही बाकी ठेवलं नाही असं मला वाटत होतं.

घरी शैलजा म्हणाली, "मला बघायला एकदाच आला होतात तुम्ही. या काठीला चारदा."

"काम तसं आहे."

"नलूचंच ना?"

नलू म्हणजे नलिनी, वामनबुवा खरशीकरांची मुलगी. बुवांच्या कीर्तनाला पेटीवर तीच असे. मी एसटीत वाहतूक नियंत्रक. पण बुवांचं कीर्तन तीस वर्षांत जिथे जिथे झालं, तिथे तिथे मी ड्युटी बदलून, रजा टाकून, एकदा तर ताप अंगावर काढून हजर होतो. त्यांच्या तोंडून देवाचं नाव ऐकलं की दिवसभर एसटी स्टँडवर खाल्लेल्या शिव्या माझ्या अंगावरून धुऊन निघत. दुसरं व्यसन मला नाही.

त्या वर्षी बुवांच्या घशात गाठ निघाली. उत्सवानंतर आठव्या दिवशी कोल्हापूरला ऑपरेशन ठरलं होतं. आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगत नव्हते. नलिनी माझ्या ऑफिसात येऊन टाइमटेबलच्या फळ्याखाली बसली आणि म्हणाली, "काका, कुंभारणीचं आख्यान बाबांशिवाय कुणाला येत नाही. गुरूंनी त्यांना तोंडी दिलं. कागदावर एक ओळ नाही. दर दहा-बारा वर्षांनी एकदा, घुमटेश्वरला, तिसऱ्या दिवशी. या वर्षी लावणार आहेत. तेवढं एक कॅमेऱ्यात घ्या."

"बुवा चालू देतील?"

"नाही. म्हणून तर तुम्हाला सांगतेय. मागे कुणी पेटीजवळ टेप ठेवला होता, तर कीर्तन थांबवून बंद करायला लावला. म्हणाले, 'समोर माणसं आहेत तोवर मी डब्यात बोलणार नाही.' त्यांना कळता कामा नये."

"नुसता आवाज घेतला तर?"

"कुंभारीण डोक्यावरची घागर उतरवते ते बाबा हातांनीच दाखवतात, काका. अर्धं आख्यान त्यांच्या हातांत आहे."

मी हो म्हटलं. माझे हात थोडे थरथरतात, म्हणून स्टँड. कॅमेरा चालवायला मी महिनाभर शैलजाच्या पोळ्या लाटण्याचं चित्रीकरण करून शिकलो होतो.

उत्सवाच्या पहिल्या दिवशी तीच काठी टेकत साडेपाचशे पायऱ्या चढलो. शैलजा गुडघ्यांमुळे घरी राहिली. मंडपाच्या दारात शेट्ये माझ्या हातातल्या वस्तूकडे बघत उभे.

"मोघे, हे काय?"

"एक पाय आहे. मोजा."

त्यांनी खरंच खाली वाकून बघितलं. "पसरत नाही ना?"

"नाही."

"बसा मग. पण कुणाला लागला तर डोंगराखाली टाकीन."

मी माझ्या नेहमीच्या जागेवर बसलो. दुसरी रांग, बुवांच्या उजव्या हाताला. एक नळी उघडली, वर कॅमेरा बसवला, पुढच्या बाईंच्या खांद्यावरून बुवा छान दिसत होते. त्यांच्या मागे, त्यांच्याच उजव्या हाताला नलिनीची पेटी, डाव्या हाताला तबला. तबल्यावर नवीन गृहस्थ होते. बुवांचे जुने साथीदार श्रीपतराव वर्षापूर्वी गेले, त्यांच्या जागी हे. हात गोड, पण जरा घाई करणारा.

बुवांनी पूर्वरंग लावला. सुरुवातीचं निरूपण, त्या दिवशी पदं कमी आणि बोलणं जास्त. आवाज खरखरत होता, पण जात नव्हता. मी स्टँड धरून, एक डोळा पडद्यावर ठेवून ऐकत होतो. अर्ध्या तासाने निरूपण संपलं आणि देवाच्या नावाचा गजर सुरू झाला.

पुढचं मला आठवतं ते पुढच्या बाईंचं "अगं बाई" एवढंच. कॅमेरा त्यांच्या पाठीवर आपटून मांडीत पडला होता. मी खाली बघितलं, तर माझे दोन्ही हात समोर टाळ्या वाजवत होते.

खरं सांगतो, मी ते वाजवले नव्हते. ते वाजले. तीस वर्षं गजराला टाळी धरणाऱ्या माणसाने दुकानात वजन बघितलं, उंची बघितली, लॉक बघितलं, आणि कीर्तनात हात कुठे असतात हे बघितलं नाही.

बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "असू दे हो, देवाच्या नावाने पडला." मागून शेट्ये डोंगराकडे बोट दाखवत होते.

कीर्तन सुटल्यावर स्वयंपाकघराच्या मागे नलिनीने चित्रीकरण बघितलं. अर्धा तास बुवा, मग पत्रा, मग पत्र्याला टांगलेल्या पताका, आणि एका माणसाच्या टाळ्यांचा दणका.

"हे तुम्ही का?" तिने विचारलं.

"मीच."

"काका, परवा असं झालं तर संपलंच सगळं."

"नाही होणार. उद्या सराव करतो."

दुसऱ्या दिवशी मी स्टँडचा पट्टा उजव्या मनगटाला दोन वेढे देऊन बांधला आणि डावा हात मांडीखाली घालून त्यावर बसलो. गजर सुरू झाला. सगळा मंडप टाळ्यांनी भरला. माझा हात मांडीखाली मासळीसारखा तडफडत होता. शेजारचा माणूस माझ्याकडे, आजारी आहे की काय, अशा नजरेने बघत होता. तरी मी हललो नाही. कॅमेरा खांबासारखा स्थिर.

पण कीर्तनच त्या दिवशी बसेना. बुवा पदाची पहिली ओळ म्हणत, तबला पुढे निघून जाई, बुवा मागे राहत. ते थांबत, उजवीकडे मान वळवत, पुन्हा सुरू करत. एक पद त्यांनी दोनदा म्हटलं. एकदा मध्येच विसरले आणि नलिनीने पेटीवर ओळ वाजवून आठवण दिली, तरी त्यांना सापडली नाही. पाणी प्यायले. नेहमी दोन तास चालणारं कीर्तन सव्वा तासात आरतीवर आलं. लोक उठताना कुजबुजत होते. बुवा थकले, गाठ आतून खातेय, तिसऱ्या दिवशी उभे राहतील का कोण जाणे.

आणि माझ्या कॅमेऱ्यात हे सगळं काचेसारखं स्वच्छ आलं होतं. नलिनीने पाहिलं आणि कॅमेरा मिटून माझ्या हातात दिला.

"चांगलं आलंय," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

मला रागच आला. कुणावर, ते ठरवता येईना. पहिल्या दिवशी बुवा होते तर कॅमेरा नव्हता. दुसऱ्या दिवशी कॅमेरा होता तर बुवा नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी देवळामागच्या टाक्यावर तोंड धूत होतो. बुवा तांब्या घेऊन आले आणि माझ्या शेजारी दगडावर बसले. मोतीबिंदूमुळे त्यांना लांबचं धूसर दिसे.

"मोघे, काठी आली का हातात?"

क्षणभर मला कळलं नाही. मग कळलं. वरचा कॅमेरा त्यांना दिसलाच नव्हता. त्यांना काठी दिसली होती.

"हो, गुडघे," मी म्हणालो. टाक्याच्या काठावर, देवाच्या पाठीशी बसून, मी बुवांशी खोटं बोललो.

"गुडघे गेले म्हणून हातही गेले का?"

"म्हणजे?"

"काल टाळी कुठे होती तुमची?"

त्यांनी चूळ भरली आणि आजूबाजूला बघून घेतलं.

"एक सांगतो, ते तुमच्यापाशी ठेवा. माझा डावा कान गेलाय. साफ. तबला त्या बाजूला. श्रीपती होता तोवर मी त्याच्या मानेकडे बघून लय धरायचो. हे नवीन भले गृहस्थ आहेत, पण मान हलवत नाहीत. आणि पेटी सूर देते, लय नाही. वर्षभर मी तुमच्या टाळीवर चाललोय, मोघे. दुसरी रांग, उजवा हात. हजार माणसं वाजवू देत, मला तुमची ओळखता येते. तीस वर्षांत ती एकदाही पुढे गेली नाही की मागे राहिली नाही. एसटी कधी वेळेवर सुटली नसेल, तुमची टाळी सुटली."

"बुवा, मला कधी सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तुम्ही मुद्दाम वाजवली असती. मुद्दाम वाजवली की बिघडते." ते हसले आणि लगेच खोकले. "काल मी तिसऱ्या पदाला हात पुढे केला आणि तिथे पायरीच नव्हती. आज आख्यान आहे. काठी ठेवा बाजूला. आणि कानाचं नलूला बोलू नका. घशाचंच तिला पुष्कळ झालंय. ऑपरेशनच्या आधी अजून एक काळजी नको. शब्द द्या."

मी शब्द दिला. दुसरं काय करणार होतो?

मग सकाळभर मी त्या डोंगरावर चरफडत हिंडलो. नलिनीला सांगायचं नाही की मला टाळी का हवी. बुवांना सांगायचं नाही की मला हात का नाहीत. स्टँड कोपऱ्यातल्या खांबाला सुतळीने बांधून बघितला, तर पडद्यात तबलजींचा खांदा आणि मागे जेमतेम बुवांची पगडी. बुवांच्या समोर बसणाऱ्या एकाला विचारलं, तो म्हणाला, "मी धरतो, पण मला मध्येच डुलकी लागते." नलिनीला म्हटलं, "बुवांना सांगून टाकू या का?"

"सांगितलं तर आख्यानच लावणार नाहीत. काका, काल तुम्ही किती छान धरला होतात. आज तेवढंच करा. मागणं आहे का फार?"

नव्हतं. तेच तर दुखत होतं.

शेवटी शेट्येच आले. "सकाळपासून बघतोय, त्या दांड्याशी काय चाललंय तुमचं?" मी अर्धंच सांगितलं. घ्यायचं आहे, पण मला धरता येत नाही, हात थरथरतात.

"एवढंच ना? द्या. मी धरतो."

"तुम्ही? गजर आला की हात जातात, शेट्ये. माझे गेले."

"तुमचे जातील. मी कारभारी आहे. चाळीस वर्षं इथे उभा राहून माणसं मोजतोय, समया बघतोय, चपला बघतोय. टाळी वाजवायला मला सवड कधी मिळाली?"

त्या माणसाबद्दल मला पहिल्यांदाच माया वाटली.

दुपारी चारला कीर्तन उभं राहिलं. मी माझ्या जागेवर, शेट्ये माझ्या डाव्या अंगाला लागून, दोन्ही मुठींत स्टँड धरून, मिरवणुकीत निशाण धरल्यासारखे ताठ. पेटीमागून नलिनीने बघितलं. कॅमेरा माझ्याकडे नाही हे तिला दिसलं, तिच्या कपाळाला आठी पडली. मी मान हलवली, काळजी नको.

बुवांनी पहिलं पद उचललं आणि मी टाळी धरली. त्यांनी उजवीकडे किंचित मान झुकवली. एवढंच. पण मग जो आवाज लागला, तो गाठ असलेल्या घशातून कसा आला हे मी डॉक्टरला विचारणार होतो. निरूपण चढत गेलं. तबलजीही सरळ झाले. शेट्येंचे डोळे कधी मिटले ते मला कळलं नाही.

पूर्वरंग संपला. आता गजर, आणि गजरानंतर आख्यान. बुवांनी दोन्ही हात वर केले. मंडप उसळला. आणि माझ्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात मला दिसलं, शेट्येंच्या मुठी उघडल्या. ज्या माणसाला चाळीस वर्षं सवड मिळाली नव्हती, त्याचे दोन्ही हात डोक्यावर गेले.

स्टँड एक क्षण थांबला, मग माझ्याच बाजूला कलला. मी हात लांबवला असता तर धरता आला असता. तो पडला. दगडी फरशीवर कॅमेरा आपटल्याचा आवाज गजरात कुणाला आला नाही. खालचं झाकण उघडलं आणि बॅटरी बाहेर येऊन माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

गजर ओसरला. बुवांनी लगेच आख्यानाची पहिली ओळ घेतली, मध्ये उसंत नाही. कुंभारणीने पहाटे नवी घागर घेतली, भरली, डोक्यावर चढवली, आणि डोंगर चढायला लागली. बॅटरी समोर होती. उचलायची, आत ढकलायची, झाकण लावायचं, बटण दाबायचं. अर्धं मिनिट. मी वर बघितलं तर नलिनी बोटं पट्ट्यांवर चालवत माझ्याकडेच बघत होती. डोळ्यांनी सांगत होती, घ्या, काका, घ्या. आणि बुवांची मान उजवीकडे झुकलेली, माझ्या बाजूला.

मी टाळी सोडली नाही.

ते आख्यान मी सांगू शकत नाही. सांगता आलं असतं तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. शेवटी कुंभारीण गाभाऱ्यापाशी येते, बुवांनी दोन हातांनी ती घागर उतरवली, आणि पुढच्या रांगेतल्या माणसांनी पाणी अंगावर उडेल म्हणून पाय आखडून घेतले. मी पाहिलं. शेट्ये रडत होते. आरती झाल्यावर ते भानावर आले, खाली बघितलं, आणि कॅमेरा दोन ओंजळींत उचलून माझ्यापुढे धरला. "मोघे," एवढंच म्हणाले. लेन्सला आडवी चीर गेली होती.

उतरताना पंचाहत्तराव्या पायरीच्या आसपास नलिनीने मला गाठलं. बुवा पुढे डोलीत होते.

"बॅटरी तुमच्या हाताशी होती, काका."

"हो."

"तुम्हाला दिसली होती."

"हो."

"मग?"

मी शब्द दिलेला होता. मी म्हणालो, "भान राहिलं नाही."

"भान," ती म्हणाली. "तुम्हाला कीर्तन मिळालं. मला काय मिळालं?" आणि मला मागे टाकून ती भराभर उतरून गेली. मी स्टँड टेकत टेकत उतरलो. काठी म्हणून तो उत्तम होता.

ऑपरेशनमध्ये गाठ निघाली आणि आवाज गेला. बुवा कुजबुजण्यापुरते उरले, तेही खूप दमले की नाही. नलिनीने माझा फोन घेणं बंद केलं. मी रोज ड्युटीवरून आलो की एका वहीत आख्यान आठवून लिहायला बसे. शैलजा म्हणे, "आता रडताय कशाला, तेव्हाच धरायची होती काठी." तिला मी कानाचं सांगितलं नव्हतं. चौदा पदांपैकी नऊ आली. त्यांतली दोन अर्धवट. चाली डोक्यात होत्या, पण त्या वहीत कशा उतरवणार?

सहा महिन्यांनी वही घेऊन सावर्ड्याला त्यांच्या घरी गेलो. नलिनीने दार उघडलं, या म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. बुवा ओटीवर खुर्चीत बसले होते. मी नमस्कार केला, त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. नलिनीने वही उभ्या उभ्या चाळली. मग बसून वाचली. मग पेटी ओढली आणि तिसरं पद वाजवायला लागली.

"नाही," मी म्हणालो. "दुसऱ्या ओळीला खाली जातं."

"वर जातं. मी दोनदा साथ केलीय."

"मी तीनदा ऐकलंय."

"काका, तुम्ही ऐकत होतात की टाळ्या वाजवत होतात?"

ती उठली, "बाबा, तुम्हीच सांगा," म्हणत बुवांच्या खुर्चीकडे गेली. खुर्चीची डावी बाजू तिला जवळ होती. ती खुर्चीला वळसा घालून उजवीकडे गेली आणि तिथे वाकली. ते तिने विचार न करता केलं, रोजचं असल्यासारखं.

"नलू," मी म्हणालो, "तुला कान माहीत आहे?"

ती वळली. "म्हणजे तुम्हालाही?"

"त्या दिवशी सकाळी टाक्यावर सांगितलं त्यांनी. तुला सांगायचं नाही म्हणून शब्द घेतला."

"मला चार वर्षं माहीत आहे. त्यांनी लपवलं म्हणून मीही माहीत नसल्यासारखी राहिले." मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर ते उतरत गेलं. "म्हणजे टाळी... म्हणून तुम्ही..."

"हो."

"अहो, मग पायऱ्यांवर बोलला का नाहीत? ते तुमच्या टाळीवर चाललेत हे मला ठाऊकच नव्हतं, मला वाटलं घसाच थकलाय. आधी सांगितलं असतंत तर मी तबलजींना उजवीकडे बसवलं असतं. पेटी डावीकडे घेतली असती. एवढं सोपं होतं, काका. तुमचे हात मोकळे राहिले असते."

खरंच एवढं सोपं होतं. आम्ही तिघं तीस-तीस वर्षं खरं बोलावं म्हणून सांगणारी कीर्तनं ऐकत, करत, साथ करत आलेलो, आणि एका डोंगरावर तीन दिवस एकमेकांची काळजी म्हणून एकमेकांशी खोटं बोललो. त्याचा राग मला आजही येतो. नलिनीलाही आला. तिने पेटीवर मूठ आपटली, सगळ्या पट्ट्या एकदम ओरडल्या.

बुवांना कितपत ऐकू गेलं होतं कोण जाणे. ते खुर्चीतून उठले, भिंतीला धरत आले आणि पेटीपाशी खाली बसले. इतक्या वर्षांत त्यांना जमिनीवर, पेटीपाशी, मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी वही स्वतःकडे ओढली, तिसऱ्या पदावर बोट ठेवलं, आणि नलिनीला खूण केली. वाजव.

तिने दुसरी ओळ वर नेली. बुवांनी मान हलवली, नाही. तिने माझ्यासारखी खाली नेली. पुन्हा नाही. मग त्यांनी तिचं मधलं बोट धरलं, पट्टीवरून उचललं, आणि आम्हा दोघांनाही सुचली नव्हती अशा एका काळ्या पट्टीवर नेऊन ठेवलं.

नलिनीने ती दाबली. तिघंही ऐकत राहिलो.

"पुढे," बुवा ओठांनीच म्हणाले.